किल्ली कुणाच्या हातात?

संगणक शिकलेल्या बायका आपल्याकडे आता कमी नाहीत. दोन हजारच्या दशकात एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले, कुठे एसटी स्टँडसमोर, कुठे बँकेच्या वरच्या मजल्यावर. सुनांनी, शिक्षिकांनी, अंगणवाडी सेविकांनी रीतसर परीक्षा दिल्या आणि प्रमाणपत्रं फाइलीत लागली. पण मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. तुमच्या घरातल्या, शाळेतल्या किंवा पतसंस्थेतल्या संगणकाचा मुख्य पासवर्ड कुणाला माहीत आहे? नवा प्रोग्रॅम घालायचा, नवं खातं उघडायचं, कुणाच्या फाइली कुणी बघायच्या हे ठरवायचं, तर कुणाला विचारावं लागतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: मुलाला, ह्यांना, नाहीतर दुरुस्तीवाल्याला.

आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयातही तेच होतं. एकच संगणक, तोही कुणीतरी नवा घेतल्यावर देऊन टाकलेला. त्यावर एकच खातं आणि त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. बचत गटाचे हिशेब, हळदीकुंकवाची यादी, मुलींचे बायोडेटा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं एकाच टोपलीत. मुख्य किल्ली दुरुस्तीवाल्याकडे. आमच्या अध्यक्षबाईंनी ती मागितली तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या हो ताई माझ्याकडेच, तुमच्या हातून काही बिघडलं तर पुन्हा मलाच यावं लागेल." सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच मिटला.

मग एक गोष्ट घडली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा अर्ज एका बाईने आमच्या संगणकावर दोन दुपारी बसून लिहिला. घरी लिहिणं शक्यच नव्हतं. फाइलीला नावही तिने साधंच दिलं होतं, 'अर्ज'. पण अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी पडद्यावर आपोआप येते. पुढची व्यक्ती बसली, तिने कुतूहलाने ती उघडली, आणि ती नेमकी त्याच आळीतली निघाली. संध्याकाळपर्यंत मजकूर सासरी पोचला. त्या बाईचा मोबाइल काढून घेतला गेला आणि पुढचे तीन आठवडे ती आम्हाला दिसली नाही. अर्ज शेवटी गेला, पण तो हाताने लिहून, दुसऱ्या गावातून.

या गोष्टीवर बरेच दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं संगणकच बंद करा, कुणी म्हणालं फाइली उघडणाऱ्या बाईला समज द्या. दोन्हीतून काही साधलं नसतं. चार जणींनी एकच कपाट वापरायचं आणि त्याला खणच नसतील, तर कुणाचं काय कुणाच्या हाती लागेल हे कोण सांगणार?

खण करायची सोय संगणकात असते, आणि ती काही आजची नाही. साठच्या दशकात संगणक एवढे महाग होते की एका माणसाला एक देणं परवडतच नसे. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात एकाच यंत्रावर अनेकांनी आळीपाळीने काम करण्याची पद्धत १९६१ च्या सुमारास उभी राहिली. ज्याचं त्याचं काम वेगळं राहावं म्हणून पासवर्ड आला. आणि मजा बघा, १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याचे ठरवून दिलेले चार तास पुरेनात, तर त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून काढली! म्हणजे पासवर्ड जन्मला आणि लगोलग चोरीलाही गेला. पुढे १९६९ साली बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. तीही अनेकांनी मिळून वापरायची व्यवस्था होती. प्रत्येकाला नाव, पासवर्ड, स्वतःचं 'होम' म्हणजे घर, आणि कुणाच्या घरात कुणी यायचं याचे नियम. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचं काम सुरू केलं. ती फुकट मिळते आणि केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं तिच्यावरच शिकताहेत.

आमच्याकडे ती आली ती मात्र नाइलाजाने. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि आमच्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालेना. नव्या संगणकाला पैसे कुठले? मंडळाच्या एका सभासदाची पुतणी पॉलिटेक्निकला आहे, ती दिवाळीच्या सुटीत आली होती. तिने त्यावर उबंटू ही लिनक्स चढवून दिली आणि जाताना म्हणाली, "मावशी, मी काही दर वेळी येणार नाही. तुम्हीच शिका." मग तिने तो काळा पडदा उघडून दाखवला.

काळा पडदा म्हणजे टर्मिनल. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊसला काम नाही. एक ओळ असते. आधी आपल्या खात्याचं नाव, मग संगणकाचं नाव, मग एक नागमोडी रेघ (तिचा अर्थ 'तुम्ही तुमच्या घरात आहात') आणि शेवटी डॉलरची खूण. त्या खुणेपुढे आपण हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, आणि यंत्र उत्तर देतं. चुकीचा हुकूम दिला तर असा हुकूम नाही म्हणून सांगतं आणि पुन्हा मुकाट्याने वाट बघत बसतं. घरात एवढ्या शांतपणे कोण ऐकतं आपलं?

हुकूम इतके तोकडे का, हा पहिला प्रश्न. त्या काळी पडदे नव्हते, टंकयंत्रासारखं टेलिटाइप असायचं आणि ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं उमटवायचं. मग लांबलचक शब्द कोण लिहिणार? म्हणून यादी दाखवायला नुसतं 'एलएस', जागा बदलायला 'सीडी'. आपण कुठे आहोत हे विचारायला 'पीडब्ल्यूडी'. हे ऐकून आमच्याकडे जो हशा पिकला तो पाच मिनिटं थांबला नाही. "बांधकाम खातं इथेही आलं का गं?" पण निदान हे पीडब्ल्यूडी विचारल्या क्षणी उत्तर देतं. दुसरा हशा 'मॅन'वर. कुठलाही हुकूम कळला नाही की त्याच्या आधी 'मॅन' लिहायचं, म्हणजे त्याची माहितीपुस्तिका उघडते. तो मॅन्युअलचा निम्मा शब्द आहे, पण "अडलं की मॅनला विचारायचं, इथेही सुटका नाही" हे एका वहिनींचं बोलणं आता आमच्याकडे म्हणीसारखं झालंय.

हे सगळं लहान अक्षरांत लिहायचं. मोठ्या लिपीतलं 'एलएस' त्याला कळत नाही. हुकूम आणि पुढचं नाव यांत जागा सोडायची. अर्धवट नाव लिहून टॅबची कळ दाबली तर उरलेलं ते स्वतः पुरं करतं, आणि वरच्या बाणाने मागचे हुकूम परत येतात. एवढं कळलं की निम्मी भीती जाते. एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी. 'आरएम' हा हुकूम फाइल पुसतो, आणि ती कचरापेटीत वगैरे जात नाही, गेली ती गेली. म्हणून आमच्या वहीत आरएमच्या पुढे लाल शाईने 'आधी पेन ड्राइव्हवर उतरवा' असं लिहिलंय.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणींना होती. पण खरं सांगायचं तर इथे इंग्रजीचा फारसा संबंधच नाही. 'जीआरईपी' म्हणजे काय हे इंग्रजीची एमए झालेल्या बाईलाही विचारून कळणार नाही. तो नुसता शोधायचा हुकूम आहे. सातवी शिकलेली आणि पदवीधर दोघी एकाच पाटावर बसतात, आणि मला तर वाटतं सातवीवाल्या लवकर शिकतात, कारण त्या अर्थ लावत बसत नाहीत, अक्षरं जशीच्या तशी लक्षात ठेवतात. आमच्या सर्वांत तयार विद्यार्थिनी सदुसष्ट वर्षांच्या काकू आहेत. त्यांची एक शंभर पानी वही आहे, पुढून लोणची-मसाल्याची प्रमाणं आणि मागून हुकूम.

त्या वहीमुळेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. "हे सगळं माऊसने होत नाही का?" असं सुशिक्षित माणसं हटकून विचारतात. होतं की! खातं उघडणं, पासवर्ड बदलणं, सगळं माऊसने होतं. पण माऊसचं काम शेजारी बसून दाखवावं लागतं. फोनवर सांगून बघा: "डावीकडे ते चाकासारखं चित्र आहे ना, त्याच्या खाली..." "नाही हो ताई, माझ्याकडे तसलं काहीच नाही." आवृत्ती बदलली की चित्रं जागा बदलतात, आणि शिकवणाऱ्यावरचं अवलंबून राहणं काही संपत नाही. हुकूम तसा नाही. तो वहीत उतरतो, फोनवर अक्षर-अक्षर सांगता येतो, एकीकडून दुसरीकडे जातो. आणि 'एलएस' सत्तरच्या दशकात जे करत होतं तेच आजही करतं. बायकांचं ज्ञान असंच तर टिकलं आहे, कागदावर उतरवून आणि एकमेकींना सांगून. सांगता येत नाही असं कौशल्य शेवटी ज्याच्या हातात असतं त्याच्याकडेच राहतं.

आता त्या खणांकडे येते. 'सुडो' हा हुकूम म्हणजे मुख्य किल्ली. ज्या खात्याला तो हक्क दिलेला असेल त्यालाच ती लागते. 'सुडो ॲडयूजर' लिहून पुढे बाईचं नाव दिलं की तिचं खातं उघडतं. मग पासवर्ड विचारतो. इथे प्रत्येकजण अडखळते, कारण टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कळफलक बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो, मागे उभं राहणाऱ्याला किती अक्षरं आहेत तेही कळू नये म्हणून ती सोय आहे. पासवर्ड झाला की पूर्ण नाव विचारतो, खोली क्रमांक विचारतो, कार्यालयाचा फोन आणि घरचा फोन! जुन्या संशोधन संस्थांच्या काळातली ती सवय अजून तशीच आहे. नुसतं एंटर दाबत पुढे जायचं. "खोली क्रमांक? स्वैपाकघर लिही," असं एकीने सुचवलं होतं.

पासवर्ड ज्या बाईचं खातं, तिनेच टंकायचा, बाकीच्यांनी पाठ फिरवायची, हा आमचा नियम. वाढदिवस आणि मुलाचं नाव चालणार नाही, हा दुसरा.

खातं झालं की दार. 'एलएस' पुढे जागा सोडून एक आडवी रेघ आणि 'एल' लिहिलं तर प्रत्येक फाइलीपुढे आर, डब्ल्यू, एक्स अशी अक्षरं दिसतात. वाचायची परवानगी, लिहायची परवानगी, चालवायची परवानगी. तीनदा दिसतात, कारण तीन प्रकारची माणसं धरलेली आहेत: मालकीण, तिचा गट, आणि बाकीचं जग. जुन्या उबंटूत बाकीच्या जगालाही आपल्या घरात डोकावता यायचं. २०२१ साली आलेल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांचं दार मुळातच लोटलेलं असतं. आणखी घट्ट लावायचं तर 'सीएचमोड ७००' आणि पुढे फोल्डरचं नाव. सात म्हणजे मालकिणीला सगळं, दोन शून्यं म्हणजे बाकी कुणाला काही नाही. हे समजलं त्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरात माझ्या कपाटालाही कडी नाही." त्यावर कुणीच काही बोललं नाही.

पण खोटा धीर देणं मला पटत नाही, म्हणून हेही आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. मुख्य किल्ली जिच्याकडे आहे तिला सगळ्यांची घरं उघडता येतात, ७०० असो की आणखी काही. यंत्र उघडून आतली डिस्क काढून नेली तर साधा पासवर्ड काही अडवत नाही. आणि संगणक विसरत नाही. आपण दिलेले हुकूम आपल्याच घरात एका लपलेल्या फाइलीत लिहिले जातात; 'हिस्टरी' लिहिलं की सगळे पुढे येतात. स्वतःचं खातं असेल तर ते आपल्यापुरतं राहतं, सगळ्यांचं एकच खातं असेल तर ती चव्हाट्यावरची वही. ज्या बाईच्या जिवाला धोका आहे तिने सामायिक संगणकावर काही ठेवूच नये. तिने १८१ वर फोन करावा, तोही शक्य तर दुसऱ्याच्या मोबाइलवरून.

"हल्ली मोबाइल असताना हे कशाला?" हाही प्रश्न असतो. ज्या बाईंचा मोबाइल रात्री नवरा किंवा मुलगा चाळून बघतो त्यांना विचारा कशाला ते. आणि बचत गटाची अठरा जणींची तीन वर्षांची खतावणी मोबाइलच्या पडद्यावर ज्यांनी जुळवली असेल त्यांना माझा नमस्कार.

हिशेबाचं एक सांगायलाच हवं. 'बीसी' नावाचा हुकूम आहे, आकडेमोडीचा. तो मुळात सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमधल्या लोरिंडा चेरी यांनी रॉबर्ट मॉरिस यांच्यासोबत बनवला. चेरीबाई २०२२ साली गेल्या. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं, आता गटाचं व्याज दर महिन्याला त्यांच्या हुकमावर निघतं. (लिनक्समध्ये असतो तो पुढे नव्याने लिहिलेला आहे, पण वळण तेच.) १७५० रुपयांवर दरमहा दीड टक्का, म्हणजे १७५० गुणिले १.५ भागिले १००. नुसतं बीसी दिलं तर उत्तर २६ येतं, वरचे पंचवीस पैसे गायब! हे आमच्या हिशेबनीस वहिनींनी पकडलं, कारण त्या तोंडी हिशेब करतात. बीसीपुढे आडवी रेघ आणि 'एल' लिहिलं की २६.२५ येतं, मागे शून्यांची रांग लावून. यंत्रापेक्षा वहिनींवर माझा विश्वास अधिक आहे हे मी त्यांना सांगितलं, पण दोघींचा ताळा जुळला की जास्त बरं वाटतं.

सगळंच गोड आहे असं नाही. मराठीचे हाल तिथेही आहेतच. काळ्या पडद्यावर देवनागरी कशीबशी उमटते, वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात. आणि मंडळाच्या जुन्या याद्या श्रीलिपीतल्या. युनिकोड नसल्यामुळे शोधायच्या हुकमाला त्यात 'शिंदे' सापडतच नाही. त्या याद्या दोन मुली पुन्हा टंकताहेत. काही जणींनी पहिल्या दोन दिवसांतच काढता पाय घेतला, "आमचं माऊसवर चाललंय" म्हणाल्या. चालू द्या. पण स्वतःचं खातं आणि स्वतःचा पासवर्ड त्यांनीही करून घेतला आहे.

राहिला किल्लीचा प्रश्न. बचत गटाच्या रोख पेटीला अनेक ठिकाणी एकाहून जास्त कुलुपं असतात आणि किल्ल्या वेगवेगळ्या जणींकडे. लिनक्समध्ये तसं तंतोतंत जमत नाही, ज्या एकीकडे सुडो आहे ती एकटीच सगळं करू शकते. पण सुडो कुणी, कधी, कशासाठी वापरला याची नोंद यंत्र ठेवतं. म्हणून आम्ही तिघींना तो हक्क द्यायचा, वर्षाने बदलायचा आणि मासिक सभेत ती नोंद वाचून दाखवायची असं ठरवलंय. दुरुस्तीवाल्याला काम असेल तेव्हा तिघींपैकी एकीने समोर बसून पासवर्ड टंकायचा, सांगायचा नाही. त्याला हे आवडलेलं नाही.

दोन किल्ल्यांची नावं ठरली. तिसऱ्या नावावर येत्या सभेत मतदान आहे. कार्यकारिणीतल्या काही जणींचं म्हणणं, खजिनदारबाईंच्या यजमानांना द्यावी, त्यांना संगणकातलं चांगलं कळतं आणि माणूस सज्जन आहे. सज्जन आहेतच, त्याबद्दल वाद नाही. माझं मत काकूंना आहे. त्या रोज चार वाजता वाचनालयात असतात, वही त्यांच्याजवळ असते, आणि आळीतल्या कुणाची कुठली गोष्ट त्यांच्या तोंडून आजवर बाहेर गेलेली नाही.